रेड-५ बसलाय, चारांतल्या दोन डिस्क बाहेर, आत नऊ टीबी. काहीही न दाबता पुढे काय करू?

माड_आणि_माउस | ८ जून, सकाळी ७.१०

मंडळी, रात्रभर डोळा लागलेला नाही, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

माझा कुडाळात फोटो स्टुडिओ आहे. दुकानामागच्या खोलीत लोखंडी कपाटात एक डबा, म्हणजे फाइली साठवायचा कॉम्प्युटर, चालतो. त्यात डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), चार डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, रेड-५, म्हणजे चारी मिळून एकच मोठी डिस्क, एक गेली तरी माल वाचतो. भाच्याने कॉलेजात असताना जोडून दिला होता. तो आता पुण्यात नोकरीला. डबा इतकी वर्षं निमूट चालला, म्हणून मीही कधी कपाट उघडून बघितलं नाही.

काल संध्याकाळी पहिला मोठा पाऊस. वीज कडाडली, लाईट तीन-चारदा लपकली आणि गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दिवाळीपासूनच मेलेली. (माहीत आहे. ओरडू नका.) लाईट आल्यावर डबा सुरू केला तर ॲरे, म्हणजे चार डिस्कचा तो गट, उठत नाही. चारांपैकी दोनच डिस्क चालू, सुरू करता येत नाही, असं काहीतरी म्हणतो.

आत या मोसमातली अकरा लग्नं आहेत. त्यातल्या सात जणांना अजून अल्बम दिलेला नाही. आणि त्याहून जीवाला लागलेली गोष्ट म्हणजे गेल्या आठ-नऊ वर्षांत जत्रांमधून केलेलं दशावताराचं चित्रीकरण. एका म्हाताऱ्या कलाकाराचा संकासुर आहे त्यात. ते आता हयात नाहीत.

आतापर्यंत एवढंच केलंय: डबा बंद केला, डिस्क काढल्या आणि कनेक्टर काळपट दिसले म्हणून खोडरबराने घासले.

---

पडवी | ८ जून, ७.२६

रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

---

सुकट_बाजार | ८ जून, ७.४१

+१. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

---

माड_आणि_माउस | ८ जून, ७.५५

हे वाक्य आणखी कुणी लिहिलं तर त्याच्या घरच्या लग्नाला मी ऑटो मोडवर फोटो काढीन.

---

बिनघोर | ८ जून, ८.३०

एवढं काय त्यात. एमडीएडीएमला (लिनक्समध्ये रेड सांभाळणारा प्रोग्रॅम) 'क्रिएट' सांगायचं, चारी डिस्क द्यायच्या, 'अझ्यूम क्लीन' जोडायचं. वरचं लेबल नवं होतं, आतला माल तसाच राहतो. माझा दोन वर्षांपूर्वी असाच उठला होता. पाच मिनिटांचं काम.

---

रात्रपाळी | ८ जून, ८.४४

थांबा. बिनघोर यांचं आत्ता मुळीच करू नका.

नवी मुंबईत एका डेटा सेंटरला असते, आत्ताच घरी आलेय. सविस्तर संध्याकाळी लिहीन, तोवर एवढं पाळा.

डबा बंद राहू द्या. चारी डिस्कवर स्केचपेनने नंबर घाला, कोणती कोणत्या खणात होती ते. काढताना क्रम विसरला असाल तरी घाबरू नका, डिस्कला स्वतःला आपला नंबर माहीत असतो. एडिटिंगच्या विंडोज मशीनला यातली एकही डिस्क लावू नका. लावली की विंडोज 'डिस्क इनिशियलाइझ करू का' विचारतं, आणि माणूस सवयीने 'ओके' दाबतो.

आणि खोडरबर पुरे. कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो, रबराने तोही जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड वापरा. मोबाइल रिपेअरवाल्याकडे दोन्ही मिळतं.

---

माड_आणि_माउस | ८ जून, ८.५२

रात्रपाळीभाऊ, दुसरी डिस्क मी काल रात्री विंडोजला लावली होती. त्याने ते विचारलंच. मी रद्द केलं. रद्दच केलं असं वाटतंय. पोटात गोळा आलाय आता.

---

रात्रपाळी | ८ जून, ८.५५

भाऊ नाही, ताई. रद्द केलं असेल तर काही झालेलं नाही. झोपा थोडं.

---

वाशिष्ठीकाठ | ८ जून, ११.२०

विषय थोडा वेगळा आहे, पण राहवत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमच्या दुकानातला कॉम्प्युटर दीड दिवस गढूळ पाण्यात होता. पाणी उतरल्यावर शेजाऱ्याने आपली डिस्क उन्हात वाळवली आणि लावून बघितली. एक करकर आवाज, संपलं. आम्ही ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुंबईला लॅबमध्ये दिली. चिखल वाळून आतल्या तबकडीवर बसला की मग कठीण जातं, म्हणाले. खर्च सांगत नाही, पण बहुतेक सगळं मिळालं.

माड, तुमच्या डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर घरी काही करू नका. आवाज नसेल तर ताईंचं ऐका.

---

सुकट_बाजार | ८ जून, ११.३४

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवून लावली की चालते म्हणतात ना?

---

वाशिष्ठीकाठ | ८ जून, ११.४०

जून महिन्यात, कोकणात? फ्रीझरमधली पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली की दोन मिनिटांत तिला कसा घाम फुटतो बघा. तसाच आतल्या तबकडीला फुटेल.

---

रात्रपाळी | ८ जून, रात्री ८.१५

आता नीट.

रेड-५ काय करतं ते आपल्याकडच्या भाषेत सांगते. तीन भाऊ बागेतून आंब्याच्या पेट्या काढतात. कुणी किती काढल्या ते प्रत्येकाला आपापलं ठाऊक. चौथा फक्त तिघांची बेरीज वहीत लिहितो. एक भाऊ गावाला गेला तरी बेरजेतून बाकी दोघांचे वजा केले की त्याचा आकडा मिळतो. दोघे गेले की बेरीज हातात असूनही काही कळत नाही. (खऱ्या ॲरेत वही रोज वेगळ्या भावाकडे असते आणि बेरीज ०-१ अशा दोनच अंकांची, बिनहातच्याची असते. पण हिशोब हाच.)

तुमचे दोन भाऊ बाहेर आहेत. प्रश्न असा की दोघे एकदम गेले, की एक आधीच गेला होता? सगळा खेळ या उत्तरावर आहे.

प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची एक चिठ्ठी असते. तिच्यात ॲरेचा ओळखक्रमांक, या डिस्कची जागा, तुकड्याचा आकार, डेटा कुठून सुरू होतो ते अंतर, शेवटचं कधी लिहिलं ती वेळ आणि इव्हेंट काउंट असं सगळं असतं. ॲरेत बदल नोंदला गेला की काउंट वाढतो, आणि जी डिस्क बाहेर पडली तिचा तिथेच थांबतो.

लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह करा, डबा तिच्यावर सुरू करा, ॲरे आपोआप उभा राहिला असेल तर आधी 'स्टॉप' करा. मग चारी डिस्कना 'एक्झामिन' द्या. ही आज्ञा फक्त वाचते, लिहीत काही नाही. शिवाय स्मार्टसीटीएलने चारींची प्रकृती बघा. ५, १९७, १९८ आणि १९९ या ओळींतले शेवटचे आकडे इथे टाका.

बिनघोर, तुमचा ॲरे उठला कारण डिस्कचा क्रम, तुकडा आणि सुरुवातीचं अंतर तिन्ही योगायोगाने जुळलं. एमडीएडीएमची आवृत्ती बदलली की ते अंतर वेगळं धरलं जाऊ शकतं. आणि 'क्रिएट' पहिलं काम करतं ते जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहिण्याचं. आपल्याला जे वाचायचंय तेच जातं.

---

बिनघोर | ८ जून, रात्री ८.५०

अनुभवाने सांगितलं. मानायचं तर माना.

---

माड_आणि_माउस | ९ जून, दुपारी १.०५

हे घ्या. हात थरथरत होते, पण दोनदा ताडून बघितलंय.

डिस्क १: काउंट ४८२१९, शेवटची वेळ ७ जून, संध्याकाळी ६.४४. चारी आकडे शून्य.
डिस्क २: काउंट ३१०६७, शेवटची वेळ १४ जानेवारी. ५, १९७, १९८ शून्य. १९९ मात्र १८४६.
डिस्क ३: काउंट ४८२१९, ७ जून, ६.४४. सगळे शून्य.
डिस्क ४: काउंट ४८२१२, ७ जून, ६.४२. ५ मध्ये ८, १९७ मध्ये २४, १९८ मध्ये २४. १९९ शून्य.

१४ जानेवारी?? म्हणजे पाच महिने एक डिस्क बाहेर होती आणि मला पत्ता नाही?

---

रात्रपाळी | ९ जून, दुपारी १.३०

हो. आणि वाईट वाटून घेऊ नका, आकडे बरे आहेत.

डिस्क २ ठणठणीत आहे. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेतल्या चुका, तबकडीच्या नव्हेत. तिथे १८४६ म्हणजे केबल किंवा कनेक्टर. ती डिस्क बिचारी निष्कारण बाहेर काढली गेली. १४ जानेवारीला काही हलवलंत?

डिस्क ४ खरी आजारी आहे. चोवीस सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचायला नकार देतायत. लाईट लपकल्यावर तशा एखाद्या जागी ती अडकली असणार. साध्या घरगुती डिस्क एक सेक्टर वाचण्यासाठी मिनिट-दोन मिनिटं झटत बसतात. लिनक्स ३० सेकंद वाट बघून ती मेली असं धरतो आणि हाकलतो. तिचा काउंट १ आणि ३ पेक्षा फक्त सातने मागे आहे, म्हणजे ती अगदी शेवटच्या दोन मिनिटांत गेली. तिच्यावरचं जवळपास सगळं ताजं आहे.

म्हणजे आपले भाऊ १, ३ आणि ४. डिस्क २ ला आत्ता घेऊ नका. तो भाऊ संक्रांतीला गावाला गेलाय. त्याला विचाराल तर तो म्हणेल, यंदाच्या पेट्या शून्य, कारण त्याने यंदाचा आंबा बघितलेलाच नाही. त्याच्या आकड्याने हिशोब केला तर बाकीच्यांचाही चुकेल.

---

माड_आणि_माउस | ९ जून, १.४८

संक्रांतच. कपाट झाडायला सरकवलं होतं. मागे पालीची अंडी होती. केबल तेव्हाच ओढली गेली असणार.

आणि भाच्याला फोन केला. ॲरे बिघडला की मेल जाईल अशी सोय त्याने तेव्हाच करून ठेवली होती. मेल जात होते त्याच्या कॉलेजच्या पत्त्यावर. तो पत्ता तीन वर्षांपूर्वीच बंद झाला. फोनवर दोघंही जरा वेळ गप्प होतो.

---

पडवी | ९ जून, २.१०

अरे देवा.

---

जांभा_आणि_जिलेटिन | ९ जून, २.३५

पाऊस आणि विजेवरून एक. आमच्याकडे जांभ्याच्या कातळावर अर्थिंग धड लागतच नाही. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. पहिल्या पावसाच्या आधी नेमकं ते कोरडं असतं आणि नेमक्या तेव्हाच विजा पडतात. माझे दोन राउटर गेले असे. पाऊस आला की प्लग काढायचा, यावर अजून तरी दुसरा इलाज सापडलेला नाही.

---

बिनघोर | ९ जून, ३.००

मग आता काय, १, ३, ४ वर 'असेंबल फोर्स' मारायचं, म्हणजे काउंट जुळत नसला तरी ॲरे जबरदस्तीने उभा करायचा, दोनच्या जागी नवी डिस्क घालून रिबिल्ड लावायचं. इथे तरी बरोबर आहे ना मी?

---

रात्रपाळी | ९ जून, ४.१०

अर्धे बरोबर. फोर्स हो, रिबिल्ड नाही.

रिबिल्ड म्हणजे तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचायच्या. सध्या वजाबाकीला शिल्लकच काही नाही, त्यामुळे एकही सेक्टर अडला तर सावरायला कुणी नाही. चारमध्ये चोवीस जागा अडलेल्याच आहेत. म्हणजे तुम्ही तिला नऊ-दहा तास पळवणार आणि ती मध्ये कुठेतरी पुन्हा बसणार, त्यातून उठेल की नाही देव जाणे. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात कंपन्या स्वतःच १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे न वाचता येणारी एक चूक धरतात. ते झाले साधारण साडेबारा टीबी. तुम्ही बारा वाचणार. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या निघतात, पण आजारी डिस्कवर तो जुगार कशाला?

आधी चारची नक्कल, मग बाकीचं. नवी डिस्क आणा, निदान तेवढीच मोठी. ४ टीबी म्हणजे ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट. एक बाइटही कमी चालत नाही, म्हणून सहाचीच आणा. शिवाय माल काढून ठेवायला बाराची एक.

---

माड_आणि_माउस | ९ जून, ४.४०

कुडाळात सहाची नाही. भाचा शुक्रवारी रात्री पुण्याहून एसटीने निघतोय दोन्ही घेऊन. म्हणाला मीच येतो, कुरियरने पाठवत नाही. आंबोलीत दरड नाही ना पडलेली कुणाला माहीत?

---

सुकट_बाजार | ९ जून, ४.५२

काल तरी घाट चालू होता. धबधब्याला गर्दी मात्र भयंकर, सकाळी लवकर उतरला तर बरा.

---

रात्रपाळी | ११ जून, रात्री ९.३०

भाचा येण्याआधी सांगून ठेवते. नक्कल डीडीरेस्क्यूने. साधी कॉपी अडलेल्या सेक्टरवर डोकं आपटत बसते. हा आधी जिथे सहज वाचता येतं तिथलं सगळं उचलून घेतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी तेवढ्याच ठिकाणी परत येतो. पहिल्या फेरीत खरवडायचं नाही असा पर्याय आहे, तो द्या. दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न.

नकाशाची फाइल द्यायला विसरू नका. कुठवर आलो, काय राहिलं ते तिच्यात लिहिलं जातं. ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं.

दोन्ही डिस्क थेट बोर्डाला, यूएसबीच्या डबीतून नको. समोर टेबल फॅन. आणि आज्ञेत आधी जुनी, मग नवी. ही जागा चुकली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाईल. एंटर दाबण्याआधी दोघांनी मोठ्याने सिरीयल नंबर वाचा.

---

माड_आणि_माउस | १४ जून, सकाळी ९.२०

भाचा काल पहाटे पोचला, भिजून चिंब. डिस्क त्याने रेनकोटात गुंडाळल्या होत्या, स्वतःला नाही.

केबल चारी नव्या घातल्या. सिरीयल नंबर आम्ही लग्नातल्या याद्यांसारखे मोठ्याने वाचले. दुपारी साडेबाराला सुरू केलं. वेग शंभराच्या पुढे होता, मग रात्री साडेअकराच्या सुमारास एकदम घसरून चालीवर आला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. आम्ही दोघं अंधारात एकमेकांकडे बघत. पंचवीस मिनिटांनी आली. तीच आज्ञा पुन्हा दिली, नकाशा वाचून जिथे होता तिथूनच निघाला. मला रडू आलं म्हटलं तरी चालेल.

आत्ता संपलं. तीन ठिकाणं मिळून सात सेक्टर राहिले. २८,६७२ बाइट. चार टीबीतले अठ्ठावीस हजार बाइट!

---

रात्रपाळी | १४ जून, सकाळी ९.४५

फार सुंदर. जुनी चार आता बाजूला ठेवा, तिचं काम झालं.

पुढे फोर्स करायचं, पण १ आणि ३ ची नक्कल करायला आपल्याकडे डिस्क नाहीत, म्हणून त्यांच्यावर ओव्हरले घालू. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल चालवतात ना, तसं. वाचताना खालचं दिसतं, लिहिलेलं सगळं कागदावर जातं. चुकलं तर कागद फाडायचा, नकाशा जसाच्या तसा. हे डीएम-सेटअपच्या स्नॅपशॉटने होतं, कागद म्हणजे एसएसडीवरची एक विरळ फाइल. चारच्या नक्कलेवरही घाला, पुढे तिचा एक उपयोग आहे.

मग तीन कागदांवर मिळून 'असेंबल, फोर्स, रीडओन्ली'. माउंट करताना फक्त वाचण्यासाठी, आणि फाइलसिस्टिम ईएक्सटी-४ असेल तर 'नोलोड'ही द्या, नाहीतर ती उठल्या उठल्या जर्नलमधले, म्हणजे नोंदवहीतले, अर्धवट राहिलेले बदल लिहायला बसते. फाइलसिस्टिमची दुरुस्ती आत्ता नको, कितीही सुचवली तरी.

---

माड_आणि_माउस | १४ जून, दुपारी १२.१०

उठला!!!

फोल्डर दिसतायत. लग्नं, बारशी, जत्रा, सगळं. संकासुराची फाइल उघडली. पेटी वाजली, झांज वाजली, आणि तो काळा झगा, लाल जीभ. भाचा म्हणाला, मामा आता बंद कर, आधी कॉपी लाव.

---

पडवी | १४ जून, १२.१८

दंडवत ताईंना. मी सहा दिवस या धाग्यासाठी जेवताना मोबाइल हातात धरतोय, बायको काय समजायचं ते समजली.

---

बिनघोर | १४ जून, १२.४०

अभिनंदन. ओव्हरलेचं मला माहीत नव्हतं. वाचून ठेवतो.

---

रात्रपाळी | १४ जून, १.००

कॉपी करताना प्रत्येक फाइलचा चेकसमही (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) काढून ठेवा, लागणार आहे.

आता ते सात सेक्टर कुठल्या फाइलमध्ये गेले हे शोधायचं. नक्कलेत त्या जागी सध्या शून्यं आहेत, कारण डिस्क कोरी होती. डीडीरेस्क्यूच्या नकाशावरून फक्त त्याच जागांत शून्यांऐवजी दुसरं काहीतरी भरता येतं. ते कागदावर करा आणि ॲरे पुन्हा उभा करून सगळे चेकसम परत काढा. ज्या फाइलचा आकडा बदलला, ती त्या भोकांवर अवलंबून आहे.

नुसता भरलेला मजकूर फाइलींत शोधून का चालत नाही, तर डिस्क २ वरचं सगळं आपण वजाबाकीने काढतोय. चारमध्ये एक भोक म्हणजे दोनची त्याच पट्टीतली (चारी डिस्कवरच्या, एकाच बेरजेत येणाऱ्या जागा म्हणजे पट्टी) जागाही बिघडते, आणि तिथे तुमचा मजकूर मजकूर म्हणून दिसत नाही. चेकसमला ते कळतं.

---

माड_आणि_माउस | १७ जून, रात्री १०.०५

दीड दिवस कॉपी, मग वाचनाची आणखी एक रात्र नि दिवस. तीन फाइल बदलल्या:

२०२२ मधलं एक लग्न, सप्तपदी.
या मे महिन्यातली एक हळद.
आणि तोच संकासुर. लाखभर फाइलींतून नेमकी तीच.

तुकडा मधला आहे. तीस-चाळीस सेकंद चित्र फुटतं आणि त्याचं एक वाक्य जातं. ताई, एवढं मिळालं त्यात समाधान मानायला हवं, कळतंय मला.

---

रात्रपाळी | १७ जून, रात्री १०.३०

थांबा, इतक्यात मानू नका. संकासुराची फाइल डब्यात कधी टाकलीत, आणि नंतर कधी हलवली का?

---

माड_आणि_माउस | १७ जून, १०.३२

२०२१ च्या डिसेंबरात डब्यात टाकली. त्यानंतर हात नाही लावला.

---

रात्रपाळी | १७ जून, १०.५०

मग गावाला गेलेल्या भावाला बोलवा.

यंदाच्या पेट्यांबद्दल त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. पण जुन्या वर्षाच्या पेट्यांबद्दल तो जे सांगेल ते खरंच आहे. ज्या पट्टीत १४ जानेवारीनंतर कुणी काही लिहिलेलंच नाही, तिथे डिस्क २ अगदी बरोबर आहे. आणि १, २, ३ मिळाल्या की ४ निघते.

ॲरे नव्याने जोडायची गरज नाही. चारही डिस्कच्या चिठ्ठीत डेटा सुरू होण्याचं अंतर एकच आहे ना ते बघा. असेल तर नकाशातला भोकाचा पत्ता घ्यायचा, १, २ आणि ३ मधून नेमक्या त्याच पत्त्यावरचे बाइट वाचायचे, तिन्हींचा एक्सॉर (तीच बिनहातच्याची बेरीज) करायचा, जे येईल ते चारच्या नक्कलेत त्या भोकात भरायचं, कागदावरच. भाच्याला पायथन येत असेल तर दहा-बारा ओळी. मग दोनला परत बाजूला ठेवून १, ३, ४ पूर्वीसारखं उभं करायचं.

सप्तपदीलाही हाच उपाय लागू पडेल. मेमधल्या हळदीला नाही, ती पट्टी नंतर लिहिली गेलीय. तिथे दोनचं म्हणणं जुनंच असणार.

---

जांभा_आणि_जिलेटिन | १७ जून, १०.५८

हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

---

भाचा_पुण्याचा | १८ जून, रात्री १.१५

मामाचा भाचा. आजच खातं काढलं. अंतर चारींवर सारखंच होतं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे हळद सोडून दोन पत्त्यांवर केलं.

संकासुर पूर्ण चालतो. फुटत नाही, थांबत नाही. ते गेलेलं वाक्य आलं. मामा तेवढाच तुकडा चौथ्यांदा लावतोय आणि घरात सगळे जागे आहेत.

ताई, मेल कॉलेजच्या पत्त्यावर जात होते ती चूक माझी. आता मामाच्या आणि माझ्या दोन्ही फोनवर येतात. आज मुद्दाम खोटा इशारा पाठवून बघितला, पोचला.

---

रात्रपाळी | १८ जून, सकाळी ८.२०

छान केलंत. नव्या डब्यात एक करा. डिस्कला सात सेकंदांत हार मानायला सांगता येतं, एससीटी ईआरसी म्हणतात. ज्या डिस्क ते ऐकत नाहीत तिथे लिनक्सची वाट बघण्याची मुदत ३० वरून १८० सेकंद करा. आणि महिन्यातून एकदा सगळा ॲरे वाचून तपासण्याचं काम डेबियन पहिल्या रविवारी आपसूक करतो, पण डबा त्या रात्री चालू असावा लागतो. तुम्ही रात्री बंद करत असाल तर वेळ बदला.

---

माड_आणि_माउस | २१ जून, दुपारी ४.३०

उशीर झाला लिहायला, अल्बम छापायला पाठवत होतो. पाच गेले, दोन राहिले.

यूपीएसला नवी बॅटरी घातली. बाराची डिस्क भरून सावंतवाडीला बहिणीकडे ठेवली, तिच्या तांदळाच्या डब्याशेजारी. रेड-५ मोडून आता दोन-दोन डिस्कच्या जोड्या केल्यात, जागा कमी पडते पण पडू दे. कपाटामागे पालीला जाळी मारली.

ताई, आंब्याचा मोसम संपला, पण आमसुलं आणि कोकमाचं आगळ या वर्षीचं चांगलं झालंय. कुठे पाठवू ते निरोपात कळवा. नाही म्हणू नका, भाच्याची आई रागावेल.

राहिली ती हळद. कार्ड पुसलेलं होतं, त्यामुळे ती तशीच आहे. अठराव्या मिनिटाला नवऱ्याच्या मावशीचं तोंड अर्धा सेकंद हिरवं होतं. घरच्यांना सरळ सांगितलं, लपवलं नाही. मावशीने तो तुकडा तीनदा मागे घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "मेल्या, हळद लावलंय ना माका, मगे मी हिरवी कशी?"